आजोबांना ‘ही’ कसं म्हणायचं?

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं, “आजी, आजोबा कुठे गेला?” आजोबा माझ्या शेजारीच पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, “तिला सांग, अजून गेलो नाही.” आम्ही दोघं खूप हसलो. आपलं काय चुकलं ते तिकडे त्या बिचारीला कळेना, आणि फोनवर समजावून सांगणं मलाही जमलं नाही. तिच्या इंग्रजीत आजोबा, वर्गातला मुलगा आणि बर्फ साफ करायला येणारा माणूस सगळे एकाच शब्दात मावतात. मराठी बोलतानाही ती त्यांना तसंच सामावून घेते. यात रागावण्यासारखं काही नाही.

पण फोन ठेवल्यावर मला नगरची एक मुलगी आठवली. तिची चूक नेमकी उलट्या बाजूची होती, आणि त्या चुकीपायी तिचं सगळं शिक्षण अडलं होतं. तिची हकिगत तुम्हाला लिहून कळवावी असं वाटलं. तुमच्यातली मोठी सध्या परदेशातून आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवते, तिच्या कदाचित उपयोगी पडेल.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही नगरला राहत होतो. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते, आणि पाऊस न झाल्यामुळे त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली होती. आमचं भाड्याचं घर शहराच्या कडेला, मिशनच्या एका इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर होतं. खडी फोडताना डोळ्यात कपची गेलेले, उन्हानं चक्कर येऊन पडलेले, मिलो पचत नाही म्हणून पोट धरून आलेले असे लोक दिवसभर त्या फाटकाशी उतरत. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरे पडत आणि खाताना घास तोंडात फिरे, पण रेशनला तेव्हा तीच मिळायची.

माझा दिवस आखलेला असे. सकाळी नळाचं पाणी, मग स्वयंपाक, तुमच्या आईची शाळा, दुपारची भांडी. भांडी झाली की थोडा वेळ मी वाचायला बसे, आणि त्या वेळात कोणी दार वाजवलेलं मला खपत नसे. त्या मुलीनं नेमकं तेव्हाच दार वाजवलं.

दारात पांढऱ्या साडीतली, सडसडीत, उन्हानं लाल झालेली मुलगी उभी होती. रडून डोळे सुजले होते. “मेट्रनबाईंनी पाठिवलंय,” ती म्हणाली. “तुमी इंग्रजी शिकिवता म्हनं.”

मी कोणाला काही शिकवत नव्हते. पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते एवढंच, आणि ते मेट्रनबाईंना ठाऊक होतं, कारण कधीमधी त्या आमच्याकडे चहाला येत. त्या डेन्मार्कच्या. त्यांचं स्वतःचं इंग्रजी शिकलेलं होतं, जन्मजात नव्हे. त्यामुळे लांबलचक वाक्य आलं की त्या कपाळाला आठ्या घालत.

मुलीला आत घेतलं, पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं.

ती नेवाशाकडच्या एका खेड्यातली होती. घरची शेती, विहीर, थोडा ऊस. मॅट्रिक झाल्यावर हट्ट करून नर्सिंगला आली होती. पहिले काही महिने इस्पितळात मुलींना तात्पुरतं घेत, काम आणि बोलणं पाहत, आणि मग कोणाला ठेवायचं ते मेट्रन ठरवत. काम ती उत्तम करायची. घोडं पेंड खायचं ते सकाळच्या रिपोर्टाशी. रात्रपाळीच्या मुलीनं सकाळी मेट्रनपुढे उभं राहून, कोणत्या खाटेवरच्या रोग्याचं काय झालं, ते इंग्रजीतून सांगायचं अशी पद्धत होती.

त्या सकाळी तिनं सांगितलं होतं, “दे आर व्हॉमिटिंग.”

उन्हाळा, दुष्काळ, गावोगाव गढूळ पाणी. मेट्रनबाईंना वाटलं, अख्ख्या ओळीला उलट्या सुरू झाल्या. म्हणजे पटकी, कॉलराच. त्यांनी डॉक्टरांना झोपेतून उठवलं, बादल्या आणवल्या, चुना आणवला, बाकीच्या मुलींना दारातच थोपवलं. मग नाकाला रुमाल लावून सगळे आत गेले, तर खिडकीपाशीच्या खाटेवर एक म्हातारबाबा एकटेच बसले होते. आदल्या संध्याकाळी जावयानं चोरून आणलेली भजी त्यांना बाधली होती. बाकीचा वॉर्ड शांतपणे चहा पीत होता.

“हू आर दे?” मेट्रनबाईंनी तिला विचारलं. तिनं म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. “दे,” ती म्हणाली.

हसू आवरायला मला पदर तोंडाला लावावा लागला. तिला मात्र हसू येत नव्हतं. महिनाअखेर रिपोर्ट नीट देता आला नाही तर घरी पाठवू, असं मेट्रनबाईंनी तिला बजावलं होतं. आणि घरी काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत होतं. कोपरगावकडचं एक स्थळ आलेलं. मुलगा साखर कारखान्यात कारकून. त्यांना नर्स मुलगी नको होती. वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी तिथं टिकली तर आमचा नाद सोडा, आणि परत आली तर ह्याच उन्हाळ्यात बार उडवून टाकू.

“मुलगा वाईट आहे का?” मी विचारलं.

“न्हाई वो बाई. मुलगा काय, आसंल चांगला. पन मला सुया टोचायला येत्यात आता. शीर गावते पहिल्या झटक्याला. ते सोडून काय मी त्याच्या डब्याला भाकरी बांधू?”

मी तिला रोज दुपारी यायला सांगितलं. माझं वाचन बुडालं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, समज मी मेट्रन आहे, खिडकीपाशीच्या आजोबांचा रिपोर्ट दे. ती ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरू झाली: “रिस्पेक्टेड मॅडम, आय मोस्ट हम्बली बेग टू स्टेट दॅट द पेशंट, व्हिच इज ऑन द बेड, व्हिच इज निअर टू द विंडो, फीवर इज कम टू देम...” आणि तिचा श्वास संपला.

हे इंग्रजी मला ओळखीचं होतं. आपल्याकडे इंग्रजी पहिल्यांदा हातात येतं ते अर्जातून. रजेचा अर्ज, फीमाफीसाठी नादारीचा अर्ज, नोकरीचा अर्ज. त्यामुळे इंग्रजीत तोंड उघडायचं म्हणजे आधी हात जोडायचे, मग वाकायचं, मग हळूच काय हवं ते सांगायचं, अशी सवय लागते. तिच्या बिचारीच्या आजोबांना ताप होता, आणि तो ताप पोचेपर्यंत दोन वेळा लोटांगण घालून झालं होतं.

मी कात्री चालवली. बेग नको, हम्बली नको, खाट कुठे आहे त्याचं पुराण नको. कापता कापता उरलं ते असं: “पेशंट विंडो. फीवर. नो स्लीप. वॉटर.”

तिनं ते म्हणून पाहिलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. “बाई, ही तर तार आल्यावानी वाटती. कोन मेलं?”

तिचं खरं होतं. तेव्हा तार घरी आली की उघडण्याआधीच बायका रडायला लागत. थोडक्यात सांगणं वेगळं आणि वाक्याचे हातपाय तोडणं वेगळं, हे तिच्या त्या एका प्रश्नानं माझ्याही डोक्यात स्पष्ट झालं. मी कॉलेजात शिकले होते ते पल्लेदार वाक्यांचं इंग्रजी. छोटं तरी बोलल्यासारखं वाक्य कसं करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी बाजूलाच ठेवलं. म्हटलं, “तू घरी आहेस. आई विहिरीवर धुणं धुतेय. आजोबांना बरं नाही. इकडून ओरडून तिला सांग.”

“हितं? वरडून?”

“ओरड.”

तिनं आजूबाजूला पाहिलं, मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “आयेऽ, आजोबांला ताप हाय! रातभर झोपले न्हाईत! पानी मागत्यात!”

समोरच्या फाटकावरचा रखवालदार धावत आला, काय झालं म्हणून. त्याला परत पाठवलं आणि मी तिला म्हणाले, “हाच तुझा रिपोर्ट. तीन वाक्यं. यात तू आईला कुठे विनंती केलीस की मी नम्रपणे कळवते?”

“आयेला कोन विनंती करतंय!”

“मेट्रनबाईंनाही नको करूस. विहिरीवरच्या आईला सांगतेस तेवढंच त्यांना सांग. फक्त ओरडू नकोस.”

मग आम्ही एकेक वाक्य घेतलं. ताप हाय. आपल्याकडे ताप येतो, पाहुण्यासारखा. इंग्रजीत ताप माणसापाशी असतो, पिशवीत असावा तसा. ही हॅज अ फीवर. रातभर झोपले न्हाईत, ही डिडन्ट स्लीप. पानी मागत्यात, ही’ज आस्किंग फॉर वॉटर. ‘पोट चाललंय’चं तिनं ‘स्टमक इज गोइंग’ केलं होतं, आणि मेट्रनबाईंनी तिला विचारलं होतं म्हणे, कुठे चाललंय. तेही दुरुस्त केलं. वाक्य म्हणायचं, कानाला खटकलं तर पुन्हा म्हणायचं, एका श्वासात बसलं तर ठेवायचं. कागदावर ती काही लिहीत नसे, मीही लिहू दिलं नाही. लिहिलं की पुन्हा अर्ज होत असे.

सगळं जमायला लागलं, पण एका शब्दापाशी गाडी रोज अडायची.

“ही डिडन्ट स्लीप,” मी म्हणायची.

“दे डिडन्ट स्लीप,” ती म्हणायची.

“किती जण झोपले नाहीत?”

“येकच. आजोबा.”

“मग ही म्हण.”

“बाई, आजोबांला ‘ही’ कसं म्हनू? ही म्हंजी बाई!”

“इंग्रजीत ही म्हणजे पुरुष.”

“आन् बाईला काय म्हनायचं?”

“शी.”

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग हसू फुटलं ते थांबेना. “मेट्रनबाईंला शी म्हनायचं? शी? लेकराला शी आली म्हनत्यात तसं?”

आता मीही हसत होते. हसून झाल्यावर ती गंभीर झाली. शब्दाच्या आवाजाची तिला गंमत वाटली होती, पण अडत होतं ते दुसरंच. ती म्हणाली, “तसं न्हाई बाई. ही म्हंजी ‘तो’च ना? आमच्याकडं म्हाताऱ्या मान्साला तो म्हनलं तर आबा थोबाडीत देतील. ते आजोबा लई दुबळे झाल्यात. त्यांचा ल्योकबी येत न्हाई बघायला. मी बी तो म्हनले तर त्यांचं ऱ्हायलं काय?”

तिला व्याकरण कळत होतं. ते आजोबांच्या वाट्याचा मान काढून घेतं, म्हणून ती ऐकत नव्हती. हे लक्षात आल्यावर मला तिला घाई करावीशी वाटेना.

त्या दिवशी पोळ्या लाटताना मी विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा विचारलं, “आईला तू म्हणतेस की तुम्ही?”

“तूच.”

“का? आईला मान देत नाहीस?”

“आय लई जवळची आसती म्हनून.”

“आणि देवाला?”

“देवालाबी तूच. देव पावला म्हनतो, देव पावले न्हाई म्हनत.”

“मग बघ. आपल्यात अगदी जवळच्याला तू म्हणतात आणि सगळ्यात वरच्यालाही. इंग्रजीत सगळ्याच पुरुषांना एका ओळीत बसवलंय. राजाही ही, देवही ही, तुझे आजोबाही ही. आजोबांना खाली उतरवलेलं नाही.”

ती विचारात पडली. “आन् यू? यू म्हंजी तू का तुमी?”

“मुळात तुम्हीच. त्यांनी तू टाकून दिलं आणि सगळ्यांना तुम्ही म्हणायला लागले. कुत्र्यालासुद्धा.”

“कुत्र्याला तुमी!” तिला ते फार आवडलं. “म्हंजी हितं जास्तीचं देत्यात आन् तितं काडून घेत्यात.”

“असंच समज.”

“मग मान कशात दावायचा?”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “पाणी मागतात म्हणून लगेच पाणी दिलंस, तर तो मानच की.”

त्या दिवसापासून ती ‘ही’ म्हणायला लागली. म्हणताना मान किंचित खाली झुकवायची, देवळावरून जाताना झुकवतात तशी. ते सोडायला मी कधी सांगितलं नाही.

महिनाअखेर आली. त्या सकाळी तिचा शेवटचा रिपोर्ट होता, आणि त्याच सकाळी पहिल्या एस.टी.नं तिचे वडील येऊन आमच्या व्हरांड्यात बसले. पटका, पांढरं धोतर, हातात रिकामी पिशवी. पोरगी परत निघाली तर तिचं सामान न्यायला पिशवी आणली होती. चहा दिला तो बशीत ओतून फुंकर घालत प्यायले.

“बाई, पोरगी हुशार हाय का वो खरंच?” त्यांनी विचारलं. “का आपली सोय म्हनून आमाला सांगती?”

“हुशार आहे.”

“मग येवडं रडवती कशी तिला ती गोरी बाई?”

मी म्हटलं, “इंग्रजी अवघड असतं सुरुवातीला.”

“आमाला तर मामलेदाराचं मराठीबी अवघड जातं,” ते म्हणाले आणि फाटकाकडे बघत बसले. कठोर माणूस वाटला नाही. त्यांना मुलगी कुठेतरी नीट लागायला हवी होती, इथे नाहीतर तिथे. मी आत जाऊन डाळ निवडायला घेतली, पण माझेही कान फाटकाकडे होते.

ती आली ती धावतच. चप्पल हातात, कारण धावताना अंगठा तुटला होता. वडिलांकडे पाहिलं, पण आधी माझ्याकडे आली आणि एका दमात सुरू झाली.

“बाई, समदं बराबर म्हनले. खिडकीपाशीच्या आजोबांचं, नव्या डोळंवाल्याचं, समद्यांचं. ही, ही, ही, येकदाबी दे म्हनले न्हाई. मग मेट्रनबाईंनी मधीच इचारलं, आजोबांला रातीपास्नं लगवी झाली का. आन् मला ठावंच न्हाई! मी दुसऱ्या खाटंवर हुते तवा. माझं डोस्कं भनान. पयल्यासारखं आसतं तर मी तितं गोष्टच सांगाय लागले आसते, रिस्पेक्टेड मॅडम आन् आय बेग आन् काय काय. पन आय समोर आसती तर काय म्हनले आसते? म्हनले, आय डोन्ट नो, मेट्रन. आय’ल आस्क हिम.”

“मग?”

“मग मला वाटलं झालं, पिशवी भरा आता. तर मेट्रनबाई म्हनल्या, गो. मी गेले, इचारलं, आले, सांगितलं. नॉट सिन्स लास्ट नाईट. त्यांनी लगेच डाक्टरांना बोलावलं. आजोबांचं पोट फुगलं हुतं, बाई. कुनाच्या ध्यानात नव्हतं.”

एवढं बोलून ती खांबाला टेकली. मी तिला काय विचारणार होते ते वडिलांनीच विचारलं. ते उठून उभे राहिले होते. “मंग? ठिवली का काडली?”

“ठिवली, आबा.”

समाधान झालं की काळजी वाढली, ते वडिलांनाही ठरवता येत नसावं. मग त्यांनी पटका सारखा केला. “मग त्या कोपरगाववाल्यांला काय कळवू? मान्सं चांगली हाईत. काहीतरी रीतीनं सांगाय पाहिजे. पोरीची तब्येत म्हनू, का पत्रिका म्हनू? बाई, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा कसं म्हनायचं ते.”

मी तोंड उघडलं. सवयीनं माझ्या डोक्यात दोन-तीन बरी, लांब, कोणाला न दुखावणारी वाक्यं तयार झालीही होती.

पण ती तोवर बोलली होती. “त्यांला म्हनावं, पोरगी शिकतीया.”

“येवडंच?”

“येवडंच.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी रिकामी पिशवी चौघडी करून बंडीच्या खिशात घातली आणि विचारलं, नेवाशाची गाडी आता किती वाजता. ती त्यांना स्टँडवर पोचवायला निघाली, तुटक्या चपलेत पाय फरफटत. दिसेनाशी होईपर्यंत वडीलच बोलत होते आणि ती ऐकत होती.